शॉर्टकटला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार: टिक कुठे करायची आणि कधी टाळायची

विंडोजचा संगणक तुमचा, खातं तुमचं, सेटिंग्जमध्ये तुमच्या नावाखाली ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ असं लिहिलेलंही दिसतं. तरीही एखादं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर उघडलं की ते ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणतं, बदललेलं सेटिंग सेव्ह करत नाही, किंवा काहीच न सांगता बंद पडतं. मग कुणीतरी सांगतं, ‘राइट-क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर दे.’ तसं केलं की चालतं. रोज रोज राइट-क्लिक करण्याचा कंटाळा येतो आणि पुढचा प्रश्न पडतो: हे कायमचं करून ठेवता येईल का?

येतं. त्या प्रोग्रामच्या शॉर्टकटच्या सेटिंगमध्ये एक टिक करायची, त्याला अर्धं मिनिटही लागत नाही. पण त्या एका टिकने नेमकं काय बदलतं हे समजून घेतलेलं बरं. नाहीतर पुढे जुन्या नोंदी गायब होतात, मराठी टायपिंग बंद पडतं, नेटवर्कवरचा ड्राइव्ह दिसेनासा होतो, आणि या सगळ्याचं मूळ त्या टिकेत आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आधी कृती सांगतो, कारणं मागून.

डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. आयकॉन निवडून ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबलं तरी तीच खिडकी उघडते. त्यात ‘शॉर्टकट’ नावाचा टॅब असतो आणि त्याच्या खालच्या भागात ‘ॲडव्हान्स्ड’ हे बटण. ते दाबलं की छोटी खिडकी येते, तिच्यात ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ची चौकट आहे. टिक करा, ओके म्हणा, मागच्या खिडकीतही ओके म्हणा. झालं. यापुढे या शॉर्टकटवर डबल-क्लिक केलं की विंडोज परवानगी विचारेल आणि ‘येस’ म्हटल्यावर प्रोग्राम पूर्ण अधिकारांनी उघडेल.

ओके दाबताना मध्येच विंडोज सांगू शकतं की हा बदल करायला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागेल. काही बिघडलेलं नसतं. बरेच इन्स्टॉलर आपला शॉर्टकट तुमच्या डेस्कटॉपवर न ठेवता ‘पब्लिक’ नावाच्या सामाईक डेस्कटॉपवर ठेवतात, म्हणून तो त्या संगणकावरच्या प्रत्येकाला दिसतो. तिथे केलेली टिकही मग प्रत्येकाला लागू होते. घरात मुलं तोच संगणक वेगळ्या खात्याने वापरत असतील तर हे लक्षात ठेवा. फक्त स्वतःपुरतं हवं असेल तर प्रोग्रामच्या मूळ फाइलवर राइट-क्लिक करून ‘सेंड टू’मधून डेस्कटॉपवर नवा शॉर्टकट पाठवा आणि टिक त्यालाच करा. विंडोज ११ मध्ये ‘सेंड टू’ दिसण्यासाठी आधी ‘शो मोअर ऑप्शन्स’वर जावं लागतं.

‘ॲडव्हान्स्ड’ बटण किंवा त्याच्या आतली ही चौकट पुसट दिसत असेल तर बहुधा तो शॉर्टकट प्रोग्रामचा नसून एखाद्या फाइलचा किंवा फोल्डरचा असतो. एक्सेलच्या एखाद्या फाइलच्या शॉर्टकटला अधिकार देता येत नाहीत, अधिकार प्रोग्रामला असतात. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेल्या ॲपच्या शॉर्टकटलाही ही सोय सहसा मिळत नाही.

कधीतरीच गरज पडत असेल तर टिकेच्या भानगडीत पडूच नका. स्टार्ट मेन्यूत प्रोग्रामचं नाव टाइप करा आणि नुसतं एंटर न दाबता कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबा. टास्कबारवरच्या आयकॉनवर कंट्रोल आणि शिफ्ट दाबून क्लिक केलं तरी तेच होतं. महिन्यातून एकदा लागणाऱ्या गोष्टीसाठी मला हाच मार्ग सर्वांत योग्य वाटतो.

मालक असूनही परवानगी का मागायची?

२००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीत घरगुती संगणकावरचं खातं सहसा ॲडमिनिस्ट्रेटरचंच असे आणि त्या खात्यातून उघडलेला प्रत्येक प्रोग्राम पूर्ण अधिकारांनी चाले. खेळ, ब्राउझर, ईमेलमधून आलेली अनोळखी फाइल, सगळ्यांना विंडोजच्या अगदी आतल्या फाइल बदलण्याची मुभा. व्हायरसना आणखी काय हवं होतं? प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाही सवय लागली: आपल्या नोंदी प्रोग्रामच्याच फोल्डरात लिहायच्या, कारण कुणी अडवत नव्हतं. आज ॲडमिनिस्ट्रेटर मागणारी जी जुनी सॉफ्टवेअर आपल्याला छळतात, त्यांतली कितीतरी याच सवयीत घडलेली आहेत.

जानेवारी २००७ मध्ये सर्वांसाठी बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने हे बदललं. तिथून ‘युजर अकाउंट कंट्रोल’ सुरू झालं. लोक त्याला यूएसी म्हणतात. तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटर खात्याने लॉगिन केलंत की विंडोज तुमच्यासाठी दोन ओळखपत्रं तयार करतं, तांत्रिक भाषेत टोकन. एकात सगळे अधिकार, दुसऱ्यातून महत्त्वाचे अधिकार काढून घेतलेले. डेस्कटॉप, टास्कबार आणि तुम्ही उघडलेले प्रोग्राम हे सगळं त्या दुसऱ्या, साध्या ओळखपत्रावर चालतं. सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं समजा: गच्चीची आणि पंपरूमची चावी घेण्याचा हक्क त्याला आहे, पण तो ती खिशात घेऊन हिंडत नाही. ती ऑफिसात असते आणि काढताना वहीत सही करावी लागते.

स्क्रीन अंधारून ‘या ॲपला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का?’ असं विचारणारी चौकट म्हणजे ती सही. स्क्रीन अंधारते ती शोभेसाठी नव्हे. त्या क्षणी विंडोज एका वेगळ्या, बंदिस्त डेस्कटॉपवर गेलेलं असतं, म्हणजे मागे चालू असलेल्या दुसऱ्या प्रोग्रामला तुमच्या वतीने ‘येस’वर क्लिक करता येऊ नये. विंडोज १० आणि ११ मध्ये चौकटीचा रंगही बघा. निळी पट्टी असेल तर प्रोग्रामवर डिजिटल सही आहे आणि ती करणाऱ्याचं नाव खाली दिसतं. पिवळी असेल तर प्रोग्राम कुणी बनवला हे विंडोजला ठरवता आलेलं नाही. पिवळ्यावर ‘येस’ म्हणण्याआधी ही फाइल आपण कुठून आणली ते आठवा.

आता ती टिक. शॉर्टकट ही स्वतःच एक छोटीशी फाइल असते. मूळ प्रोग्राम कुठे आहे, आयकॉन कोणता, सुरुवात कुठल्या फोल्डरातून करायची, एवढी माहिती तिच्यात असते. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ला टिक केलीत की या फाइलच्या २२व्या बाइटमधला एक बिट शून्याचा एक होतो. इतकंच. मूळ प्रोग्रामला हातही लागत नाही, तुमच्या खात्याला नवे अधिकार मिळत नाहीत. पुढच्या वेळी या वाटेने आलात तर आधी मोठं ओळखपत्र मागायचं, अशी ती खूण आहे. मागितल्यावर द्यायचं की नाही हे दर वेळी तुम्हीच ठरवता.

यातून दोन गोष्टी निघतात. तोच प्रोग्राम दुसऱ्या शॉर्टकटवरून किंवा त्याच्या एखाद्या फाइलवर डबल-क्लिक करून उघडलात तर तो साध्या अधिकारांनीच उघडेल. ‘टिक केली तरी कधी चालतं, कधी नाही’ या तक्रारीचं उत्तर बहुतेकदा इथेच सापडतं. दुसरी गोष्ट ऑफिसात जास्त दिसते. तुमचं खातं साधं, म्हणजे ‘स्टँडर्ड’ असेल तर ‘येस’ऐवजी ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला जातो, आणि पासवर्ड दिल्यावर प्रोग्राम त्या दुसऱ्या माणसाच्या नावाने चालतो. त्याला दिसणारं ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर त्या माणसाचं, सेटिंग्ज त्याची. तुम्ही डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह केलेली फाइल नंतर तुमच्याकडे सापडत नाही ती यामुळे.

टिक केल्यावर ज्या गोष्टी बिघडतात

सर्वांत जास्त घाबरवणारी गोष्ट म्हणजे जुन्या नोंदी गायब होणं. व्हिस्टा आणताना मायक्रोसॉफ्टपुढे पेच होता: ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरात लिहायला बंदी केली तर जुनी सॉफ्टवेअर धडाधड बंद पडतील. म्हणून त्यांनी एक युक्ती केली. जुना ३२ बिटचा प्रोग्राम साध्या अधिकारांनी तिथे लिहायला गेला की विंडोज गुपचूप ते लिखाण तुमच्या खात्यातल्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरात वळवतं. वाचतानाही तिथलंच दाखवतं. प्रोग्रामला वाटतं आपण नेहमीच्या जागी लिहिलं. वर्षानुवर्षं हे असं चालू शकतं.

आणि मग एक दिवस तुम्ही शॉर्टकटला टिक करता. प्रोग्राम आता पूर्ण अधिकारांनी चालतो, त्याला वळवण्याची गरज उरत नाही, तो खऱ्या ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये बघतो. तिथे असतो इन्स्टॉल केल्या दिवशीचा कोरा डेटा. दुकानदाराच्या दृष्टीने वर्षानुवर्षांची बिलं उडाली! प्रत्यक्षात ती जिथे होती तिथेच आहेत. तुमच्या यूजर फोल्डरात ‘ॲपडेटा’, त्यात ‘लोकल’, त्यात ‘व्हर्च्युअलस्टोअर’. ‘ॲपडेटा’ लपवलेलं असतं, म्हणून फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून लपलेल्या गोष्टी दाखवायला सांगा. हिशेबाचं कुठलंही जुनं सॉफ्टवेअर असेल तर टिक करण्याआधी हे फोल्डर उघडून बघा आणि त्याची प्रत पेनड्राइव्हवर काढा. नोंदी गायब झाल्यासारखं वाटलंच तर नव्या नोंदी टाकायला अजिबात सुरुवात करू नका. टिक काढा, जुन्या नोंदी परत दिसतात का बघा. दोन्हीकडे अर्ध्या-अर्ध्या नोंदी झाल्या की त्या जुळवणं फार जिकिरीचं काम आहे.

दुसरी अडचण खास आपली, भारतीय भाषांत काम करणाऱ्यांची. छपाईच्या दुकानांत, झेरॉक्सच्या दुकानांत, वकिलांच्या टायपिस्टकडे अजूनही मराठी टायपिंगचे वेगळे प्रोग्राम चालतात. तुम्ही इंग्रजी कळ दाबता, तो प्रोग्राम ती मध्येच पकडतो आणि तिच्या जागी मराठी अक्षर टाकतो. आता तुमचं डीटीपी, म्हणजे छपाईची पानं मांडण्याचं सॉफ्टवेअर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चाललं आणि टायपिंगचा प्रोग्राम साधाच राहिला, तर विंडोज त्यांच्यामध्ये भिंत घालतं. खालच्या अधिकारांच्या प्रोग्रामला वरच्या अधिकारांच्या खिडकीत कळा पेरता येत नाहीत. येऊ दिल्या असत्या तर कुठलाही व्हायरस ॲडमिनिस्ट्रेटरच्या खिडकीत आज्ञा टाइप करू शकला असता. नियम रास्त आहे, पण टायपिस्टला दिसतं एवढंच की नोटपॅडमध्ये मराठी उमटतं आणि नेमक्या कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजीच येतं. टायपिंगच्या प्रोग्रामलाही तीच टिक केली की बहुतेकदा काम होतं. विंडोजसोबत येणारा इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरत असाल तर हा त्रास होत नाही, कारण तो विंडोजचाच भाग आहे.

याच भिंतीमुळे डेस्कटॉपवरची फाइल ओढून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीत टाकता येत नाही. ‘फाइल, ओपन’ने उघडावी लागते.

ऑफिसातला सर्व्हर ‘झेड’ ड्राइव्ह म्हणून जोडलेला असेल तर तोही दिसेनासा होऊ शकतो. ड्राइव्हचं ते अक्षर तुमच्या साध्या ओळखपत्राच्या लॉगिनशी बांधलेलं असतं, मोठ्या ओळखपत्राला ते माहीतच नसतं. सोपा उपाय म्हणजे प्रोग्राममध्ये ड्राइव्हच्या अक्षराऐवजी सर्व्हरच्या नावासकट पूर्ण पत्ता देणं.

बॅच फाइल, म्हणजे ओळीने आज्ञा लिहिलेली फाइल, वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलेली बॅच फाइल स्वतःच्या फोल्डरातून नव्हे, तर विंडोजच्या ‘सिस्टम३२’ फोल्डरातून सुरू होते. शेजारच्या फाइल नुसत्या नावाने हाक मारून सापडत नाहीत, पूर्ण पत्ता लिहा. डिलीट करणारी ओळ असेल तर दुप्पट काळजी घ्या.

टिक न करता सुटतं का ते आधी बघा

प्रोग्रामला खरंच पूर्ण अधिकार हवेत, की फक्त एका फोल्डरात लिहायचं आहे? बिलिंग, शाळेचे दाखले, ग्रंथालयाच्या नोंदी असल्या सॉफ्टवेअरला बहुतेकदा फक्त फोल्डरात लिहिणंच हवं असतं. मग अख्ख्या संगणकाची चावी कशाला द्यायची? त्या प्रोग्रामच्या फोल्डरात डेटाचं उपफोल्डर शोधा, त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘सिक्युरिटी’ टॅबवर जा, ‘एडिट’ दाबा, यादीतल्या ‘युजर्स’ला ‘मॉडिफाय’ची परवानगी द्या. परवानगी डेटाच्या फोल्डरापुरतीच ठेवा, प्रोग्रामची मूळ फाइल असलेल्या फोल्डराला देऊ नका, नाहीतर ती फाइल कुणीही बदलू शकेल. मात्र व्हर्च्युअलस्टोअरची गोष्ट इथेही लागू आहे, प्रत आधी काढा. प्रोग्राम नव्याने टाकत असाल तर आणखी सोपं: इन्स्टॉल करताना ‘प्रोग्राम फाइल्स’ऐवजी बाहेरचं वेगळं फोल्डर निवडा. वर सांगितलेला एकही त्रास मग होत नाही. माझ्या मते जुन्या सॉफ्टवेअरसाठी पहिली खटपट हीच करावी.

पूर्ण अधिकार खरोखर लागतात ते डिस्कचे भाग पाडणाऱ्या, ड्रायव्हर बसवणाऱ्या, सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या, नेटवर्कवरची वाहतूक तपासणाऱ्या साधनांना. वेबसाइटच्या नावांचे पत्ते ठेवणारी विंडोजची ‘होस्ट्स’ ही फाइल बदलायची असेल तर नोटपॅडलाही. अशांसाठी टिक योग्यच. ब्राउझर, ईमेल, पीडीएफ उघडणारा प्रोग्राम, वर्ड आणि एक्सेल यांना मात्र ती कधीही करू नये. बाहेरून आलेल्या फाइल हे प्रोग्राम दिवसभर उघडत असतात. त्यांतल्या एखाद्या फाइलने दगा दिला तर तिच्या हातात तेवढेच अधिकार पडतात जेवढे तो प्रोग्राम उघडताना तुम्ही दिलेत. शिवाय ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चाललेल्या प्रोग्रामने आणखी एखादा प्रोग्राम सुरू केला तर सहसा त्यालाही तेच अधिकार मिळतात.

‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कंपॅटिबिलिटी’ टॅबवरही ‘रन धिस प्रोग्राम ॲज ॲन ॲडमिनिस्ट्रेटर’ अशी चौकट आहे आणि पुष्कळजण तीच वापरतात. दोन्ही एकच नाहीत. कंपॅटिबिलिटीची नोंद शॉर्टकटमध्ये न होता विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, मूळ प्रोग्रामच्या नावावर होते. प्रोग्राम कुठूनही उघडा, अधिकार मागितलेच जाणार. जुनं सॉफ्टवेअर फाइलवर डबल-क्लिक करून उघडायची सवय असेल तर ही चौकट उपयोगी. एरवी शॉर्टकटची टिक बरी, कारण ती डोळ्यांसमोर असते आणि शॉर्टकट उडवला की तीही जाते.

परवानगीची चौकटच नको, असंही लोक विचारतात. सेटिंग्जमधली यूएसीची सरकपट्टी अगदी तळाला ओढणं हा त्याचा मार्ग नव्हे. त्याने एका प्रोग्रामसाठी सगळ्यांनाच मोकळं रान मिळतं. त्यापेक्षा नेमून दिलेली कामं चालवणारा विंडोजचा टास्क शेड्युलर वापरा. त्यात ‘क्रिएट टास्क’ निवडा, सोपं नाव द्या, ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’ला टिक करा आणि ‘ॲक्शन्स’मध्ये प्रोग्राम दाखवा. मग डेस्कटॉपवर नवा शॉर्टकट बनवून पत्त्याच्या रकान्यात टास्क शेड्युलरची आज्ञा ‘एससीएचटास्क्स’ (schtasks), पुढे जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि ‘रन’, मग जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि ‘टीएन’, शेवटी जागा सोडून दुहेरी अवतरणात टास्कचं नाव, हे सगळं रोमन लिपीत लिहा. लॅपटॉप असेल तर ‘कंडिशन्स’ टॅबवरची ‘फक्त चार्जर जोडलेला असतानाच सुरू कर’ ही टिक काढा. ती मुळातच केलेली असते, आणि बॅटरीवर असताना शॉर्टकट दाबूनही काही होत नाही तेव्हा माणूस चक्रावतो. ‘सेटिंग्ज’ टॅबवर तीन दिवसांनी टास्क थांबवण्याची टिकही अशीच आधीपासून असते. ही सोय फक्त ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये असलेल्या प्रोग्रामला द्या. ‘डाउनलोड्स’मध्ये किंवा डेस्कटॉपवर पडलेल्या फाइलला दिलीत तर कुठल्याही व्हायरसने ती फाइल बदलली की त्याला न विचारता ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मिळाले.

सगळं करून झाल्यावर खात्री करून घ्या. टास्क मॅनेजर उघडा, ‘डिटेल्स’वर जा, वरच्या रकान्यांच्या नावांवर राइट-क्लिक करून ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून ‘एलेव्हेटेड’ निवडा. तुमच्या प्रोग्रामसमोर ‘येस’ दिसलं तर तो ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालला आहे. ‘नो’ दिसलं तर तो दुसऱ्या वाटेने उघडला असणार. टास्कबारवर पिन केलेला आयकॉन हा नेहमीचा संशयित, कारण त्याचा शॉर्टकट डेस्कटॉपवरच्यापेक्षा वेगळा असतो. त्याच्यावर राइट-क्लिक करा, वर आलेल्या यादीतल्या प्रोग्रामच्या नावावर पुन्हा राइट-क्लिक करा, ‘प्रॉपर्टीज’ तिथेच सापडतील आणि टिक तिथेही वेगळी करावी लागेल.